लेप्टोस्पायरोसिस आणि ताप उतरल्यानंतरचे मूत्रपिंड

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा नावाच्या सर्पिल जिवाणूंमुळे होणारा आणि प्राण्यांकडून माणसाकडे येणारा आजार आहे. उष्ण, दमट आणि भरपूर पावसाच्या प्रदेशांत तो सर्वाधिक आढळतो. महाराष्ट्रात तो ‘लेप्टो’ या नावाने ओळखला जातो आणि डेंग्यू-मलेरियाच्या जोडीने पावसाळी तापांच्या यादीत बसवला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दर वर्षी सुमारे १० लाख ३० हजार लोकांना हा आजार होतो आणि सुमारे ५८,९०० जण त्यात दगावतात. हा हिशोब तीव्र आजाराचा आहे. ताप उतरला, कावीळ ओसरली, लघवी पूर्ववत झाली, की रुग्ण बरा झाला असे धरून त्याची नोंद बंद होते. त्याच रुग्णाची मूत्रपिंडे पुढच्या पाच-दहा वर्षांत कशी राहतात, हे पाहण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी नाही. ज्या थोड्या ठिकाणी ते पाहिले गेले, तिथून आलेली माहिती हा आजार ‘येऊन गेलेला ताप’ मानण्याच्या सवयीवर पुनर्विचार करायला लावणारी आहे.

मूत्रपिंडाशी या जिवाणूचे नाते त्याच्या पहिल्या दर्शनापासूनचे आहे. १८८६ मध्ये हायडेलबर्ग येथील वैद्य आडोल्फ वाइल यांनी ताप, कावीळ, वाढलेली प्लीहा आणि मूत्रपिंडाचा बिघाड ही लक्षणे एकत्र असलेल्या आजाराचे वर्णन केले. त्याच्या तीव्र रूपाला आजही वाइलचा आजार म्हणतात. वाइल यांना कारण माहीत नव्हते. १९०७ मध्ये अमेरिकेतील आर्थर स्टिम्सन यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये पीतज्वराने मेला असे समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये त्यांना सर्पिल जिवाणूंचे पुंजके दिसले. जिवाणूंची टोके आकड्यासारखी वळलेली असल्याने आकार प्रश्नचिन्हासारखा भासत होता, म्हणून त्यांनी त्याला ‘इंटरोगन्स’ हे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे या निरीक्षणाकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

कारण सिद्ध झाले ते जपानमध्ये. क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणींत पाणी साचत असे आणि त्या पाण्यात काम करणाऱ्या मजुरांना तापासह कावीळ होई. र्‍युकिची इनादा आणि युताका इदो यांनी १९१४-१५ च्या सुमारास अशा रुग्णांचे रक्त गिनीपिगांना टोचले आणि त्यांच्या यकृतात हा जिवाणू शोधून काढला. त्याच गटाने लवकरच उंदीर या जिवाणूचे वाहक असल्याचे दाखवले. उंदीर आजारी दिसत नव्हते, पण त्यांच्या मूत्रपिंडांत आणि मूत्रात जिवाणू सापडत होते. म्हणजे आजाराचे संपूर्ण चक्र शंभर वर्षांपूर्वीच उलगडले होते आणि त्याच्या मध्यभागी मूत्रपिंडच होते. असे असूनही माणसाच्या मूत्रपिंडावर होणारा दूरगामी परिणाम इतका काळ दुर्लक्षित राहावा, याचे एक कारण हा आजार ज्यांना होतो त्यांच्यात आहे. खाणकामगार, भातशेतीतले मजूर, ऊसतोडणी करणारे, गटारे साफ करणारे, झोपडपट्टीत राहणारे हे लोक बरे वाटू लागल्यावर पुन्हा दवाखान्यात येत नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडवून, काही दुखत नसताना, रक्त तपासायला जाणे त्यांना परवडत नाही.

लेप्टोस्पायरा अतिशय बारीक असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी आणि लांबी हजाराव्या भागाच्या साधारण सहा ते वीस पट भरते. जिवंतपणी तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक लागतो. घुशी आणि उंदीर हे त्याचे प्रमुख वाहक, पण गाई-म्हशी, डुकरे, कुत्रे यांच्यातही तो राहतो. वाहक प्राण्याच्या मूत्रातून तो माती-पाण्यात पडतो. गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने तग धरतो. कोरडेपणा आणि खारे पाणी त्याला सोसत नाही. म्हणून आजाराचे वेळापत्रक पावसाचे वेळापत्रक असते. अखंड, धडधाकट त्वचा त्याला सहसा दाद देत नाही, पण पायाला पडलेली भेग, काट्याने ओरखडलेली पोटरी, चिखलात सतत राहून बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या किंवा डोळ्यांची आणि तोंडाची ओलसर अंतस्त्वचा त्याला वाट करून देतात. जुलैमध्ये कोकणात चिखलणी आणि लावणी चालू असताना माणसे दिवसचे दिवस गुडघाभर चिखलात वाकून असतात. त्याच चिखलात बैल उतरलेले असतात आणि बांधातल्या बिळांत घुशी असतात. यापेक्षा सोयीची परिस्थिती या जिवाणूला क्वचितच मिळत असेल.

भारतात या आजाराचा जुना शास्त्रीय उल्लेख अंदमानातला आहे. टेलर आणि गोयल यांनी १९३१ मध्ये तिथल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर हा विषय मागे पडला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अंदमानात तापासह फुप्फुसांतून रक्तस्राव होऊन माणसे दगावू लागली, तेव्हा त्याला आधी ‘अंदमान रक्तस्रावी ताप’ असे वेगळे नाव मिळाले. तो लेप्टोस्पायरोसिसच आहे हे पुढच्या दशकात पोर्ट ब्लेअर येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रादेशिक केंद्राने दाखवून दिले. दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाड या भात आणि उसाच्या पट्ट्यात, केरळात, तमिळनाडूत आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर तो नियमित दिसतो. केरळात २०१८च्या महापुरानंतर त्याने पुन्हा डोके वर काढले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि लाखो लोक कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण भरले. ‘साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर डॉक्टरांना दाखवा’ ही महापालिकेची पावसाळी सूचना तेव्हापासून मुंबईकरांच्या परिचयाची झाली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या साथींना मुंबईइतकी प्रसिद्धी मिळाली नाही, पण शेतीतला संसर्ग समजून घेण्यासाठी त्या अधिक महत्त्वाच्या आहेत. मुंबईकराचा संबंध एखाद्या पुराशी येतो, शेतमजुराचा दर पावसाळ्यात महिना-दीड महिना येतो. वारंवार होणारा सौम्य संसर्ग हा मूत्रपिंडाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे आणि तो पुढे येईलच.

शरीरात शिरल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत, क्वचित दोन दिवसांत किंवा महिन्याभराने, ताप येतो. सोबत डोकेदुखी, लाल झालेले डोळे आणि पोटऱ्यांच्या स्नायूंत प्रचंड वेदना असतात. पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण कळवळतो, हे लक्षण अनुभवी डॉक्टर आवर्जून पाहतात. बहुसंख्य रुग्णांत आजार इथेच थांबतो आणि पुष्कळदा त्याचे निदानही होत नाही. उरलेल्यांत यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांवर घाला येतो. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात १९९६च्या साथीत अशा ३२६ तीव्र रुग्णांपैकी ५० दगावले.

जिवाणू आधी रक्तात वाढतो. दुसऱ्या आठवड्यात प्रतिपिंडे तयार झाली की रक्तातून त्याचा नायनाट होतो, पण प्रतिपिंडांचा हात जिथे सहज पोहोचत नाही अशा जागी तो टिकतो. मूत्रपिंडाच्या नलिकांचे पोकळ आतले अंग ही त्यातली मुख्य जागा. तिथे नेमके काय घडते हे कळण्यासाठी मूत्रपिंडाची रचना थोडी पाहावी लागते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशिकांचा गुच्छ रक्त गाळतो आणि पुढची नागमोडी नलिका त्या गाळलेल्या पाण्यातून हवे ते परत घेते. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते, यावरून नलिकांच्या कामाचा अंदाज येतो. त्यातही गुच्छाला लागून असलेला पहिला भाग, समीपस्थ नलिका, गाळलेल्या मिठाचा आणि पाण्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग शोषून घेते. या कामासाठी तिच्या पेशी भरपूर ऊर्जा खर्च करतात, त्यामुळे रक्तपुरवठा कमी झाला किंवा विष आले तर पहिला फटका त्यांनाच बसतो. लेप्टोस्पायरा वस्तीला येतो तो याच नलिकेत.

उंदराच्या समीपस्थ नलिकेत जिवाणूंचे दाट थर आतल्या भिंतीला चिकटून राहतात आणि उंदीर आयुष्यभर ते मूत्रातून सोडत असतो. उंदराला त्याने फारशी इजा होत नाही. माणूस हा या जिवाणूचा ठरलेला यजमान नाही, आणि माणसाच्या पेशी त्याची उपस्थिती शांतपणे सोसत नाहीत. जिवाणूच्या बाह्य आवरणात लिपएल-३२ नावाचे प्रथिन मुबलक असते. रोगकारक जातींमध्ये ते आढळते, निरुपद्रवी जातींमध्ये आढळत नाही. नलिकेच्या पेशींवरचे टोल-२ हे संवेदक हे प्रथिन ओळखतात आणि पेशी दाह पेटवणारी रसायने सोडू लागतात. त्यांच्या हाकेने पांढऱ्या पेशी नलिकांच्या मधल्या जागेत गोळा होतात. या अवस्थेला नलिका-आंतरालीय दाह म्हणतात. मूत्रपिंडावरच्या लेप्टोच्या हल्ल्याचे मूळ रूप हेच आहे. गाळणारे गुच्छ त्या मानाने बचावतात.

या तीव्र अवस्थेचे एक वैशिष्ट्य लेप्टोला इतर कारणांनी बंद पडलेल्या मूत्रपिंडांपासून वेगळे करते. मूत्रपिंड अचानक निकामी झाले की सहसा लघवी कमी होते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. लेप्टोमध्ये पुष्कळदा लघवीचे प्रमाण टिकून राहते आणि पोटॅशियम उलट घटते. जिवाणूच्या आवरणातले घटक समीपस्थ नलिकेत सोडियम ओढणारी यंत्रणा बंद पाडतात. न शोषलेले सोडियम पुढच्या भागात लोटले जाते आणि तिथे त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीतून वाहून जाते. साव पावलो येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी १९९०च्या दशकात हे चित्र तपशिलाने मांडले. याचा व्यवहारातला अर्थ फार गंभीर आहे. लघवी होते आहे म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि त्याच वेळी मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे क्रिएटिनिन रक्तात दर दिवशी चढत असते. म्हणून पावसाळ्यातल्या संशयित रुग्णाच्या बाबतीत लघवी किती झाली एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते. रक्ताची तपासणी करावीच लागते.

तीव्र इजा झालेल्या मूत्रपिंडाचे पुढे काय होते, याबद्दलची जुनी समजूत आशादायक होती. रुग्ण जगला तर मूत्रपिंड पूर्ण बरे होते असे पाठ्यपुस्तके सांगत. बहुसंख्य रुग्णांबाबत ते खरेही आहे. ब्राझीलमधल्या पाठपुराव्यांत गाळण्याची क्षमता काही महिन्यांत परत येताना दिसली. मात्र लघवी दाट करण्याची क्षमता सहा महिन्यांनंतरही काहींत उणी राहिली, म्हणजे नलिकांची जखम पुरती भरली नव्हती. श्रीलंकेतल्या पाठपुराव्यात वर्षभरानंतरही काही रुग्णांचे मूत्रपिंड सावरले नव्हते. हे प्रमाण लहान असले तरी ज्या देशात दर वर्षी हजारो माणसांना हा आजार होतो, तिथे त्याची बेरीज लहान राहत नाही.

या प्रश्नाला सर्वांत पद्धतशीरपणे हात घातला तो तैवानने. तैवान हा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचे लोकसंख्येशी प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांपैकी एक आहे, त्यामुळे तिथे मूत्रपिंडाच्या आजाराच्या कारणांचा शोध राष्ट्रीय चिंतेचा विषय आहे. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळाने दक्षिण तैवान बुडवला आणि लेप्टोची मोठी साथ आली. चांग गुंग स्मृती रुग्णालयातील चि-वेई यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन हजार रहिवाशांचे रक्त तपासले. जवळपास एक तृतीयांश लोकांत लेप्टोस्पायराविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला असा आजार होऊन गेल्याची कल्पना नव्हती. प्रतिपिंडे असलेल्या गटात मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सरासरीने कमी आणि दीर्घकालीन आजाराचे प्रमाण अधिक होते. ज्यांच्यात प्रतिपिंडांची पातळी उच्च राहिली होती, त्यांच्या मूत्रपिंडांची घसरण नंतरच्या पाठपुराव्यात विशेष जाणवली. याच गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगात जुना संसर्ग असलेल्या उंदरांना दुसरी, एरवी सौम्य अशी मूत्रपिंड-इजा केली, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे संसर्ग नसलेल्या उंदरांपेक्षा जास्त बिघडली. लेप्टो एकटा मूत्रपिंड निकामी करत नसेल, पण पुढे येणाऱ्या मधुमेहाला, उष्णतेच्या ताणाला किंवा औषधांच्या दुष्परिणामाला आधीच दुबळे झालेले मूत्रपिंड तो हवाली करतो, असा या प्रयोगाचा रोख आहे आणि तो पटण्याजोगा आहे.

दाहाचे रूपांतर कायमच्या व्रणात कसे होते हेही बऱ्याच अंशी कळले आहे. दाह रेंगाळला की नलिकांच्या मधल्या जागेत तंतू तयार करणाऱ्या पेशी सक्रिय होतात आणि कोलॅजन साठू लागते. तंतूंच्या या जाळ्यात बारीक केशिका चिरडल्या जातात, शेजारच्या नलिका उपाशी पडतात आणि एकेक नेफ्रॉन कामातून जातो. नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाहीत. उरलेले नेफ्रॉन जास्त काम ओढतात आणि त्या ताणाने तेही झिजतात. त्यामुळे मूळ जिवाणू नाहीसा झाल्यानंतरही ऱ्हास चालू राहू शकतो. पेशींच्या प्रयोगांत लेप्टोस्पायराच्या आवरणातील प्रथिनांनी टीजीएफ-बीटा या तंतुवर्धक संदेशवाहकाला चालना दिलेली दिसते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत २०१४ मध्ये झालेल्या उंदरांवरील अभ्यासात मात्र तंतूंची वाढ टोल संवेदकांविनाही झाली आणि ती मूत्रपिंडातल्या जिवाणूंच्या संख्येशी जुळत नव्हती. उंदराची आणि माणसाची संवेदनव्यवस्था सारखी नसल्याने एका प्राण्यातला मार्ग दुसऱ्यावर जसाच्या तसा बसवता येत नाही.

जिवाणू माणसाच्या मूत्रपिंडात दीर्घकाळ राहतो का, या प्रश्नावर पेरूमधल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले २०१० साली प्रसिद्ध झालेले काम बोलके आहे. कोणतीही लक्षणे नसलेल्या, अलीकडच्या संसर्गाचा पुरावाही रक्तात नसलेल्या गावकऱ्यांचे मूत्र तपासले असता शंभरातील चारेक जणांत लेप्टोस्पायराचा डीएनए सापडला. म्हणजे काही माणसांत तरी तो उंदरासारखा गुपचूप मुक्काम करतो. असा मुक्काम किती वर्षे टिकतो आणि त्याने किती नुकसान होते, हे ठरवण्यासाठी अनेक वर्षे चालणारे पाठपुरावे लागतात.

संसर्ग आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास यांचा असा संबंध वैद्यकाला सर्वस्वी नवा नाही. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे त्वचेला किंवा घशाला संसर्ग झाल्यावर काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील आदिवासी समाजात, जिथे खरजेमुळे त्वचेचे असे संसर्ग फार असतात, लहानपणी ही सूज येऊन गेलेल्यांमध्ये मोठेपणी लघवीतून प्रथिने जाण्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळले. तिथेही मूल ‘पूर्ण बरे’ झालेले होते.

लेप्टोचा विषय व्यापक चर्चेत आला तो मात्र एका वेगळ्या कोड्यामुळे. एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या मळ्यांत, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात तरुण आणि मध्यमवयीन शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. त्यांना मधुमेह नाही, आधीपासूनचा रक्तदाब नाही, आणि मूत्रपिंडाच्या तुकड्यात नलिका-आंतरालीय दाह आणि तंतू दिसतात. गोव्यातल्या काणकोण तालुक्यातही असे रुग्ण आढळले आहेत. या आजाराला अज्ञात कारणाचा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. उन्हातले कष्ट आणि पाण्याची कमतरता, कीटकनाशके, भूजलातले क्षार आणि जड धातू, वेदनाशामक गोळ्या अशी अनेक कारणे सुचवली गेली आहेत. लेप्टो त्यांतले एक आहे. जखमेचे ठिकाण सारखे, बळी पडणारे लोक सारखे, भूप्रदेशही पुष्कळसा सारखा, एवढे पाहता संशय रास्त आहे. निकाराग्वात प्रतिपिंडे असलेल्या कामगारांमध्ये मूत्रपिंड-इजेचे एक सूचक वाढलेले आढळले, तरी त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. उसाच्या फडात भर उन्हात राबणाराच उंदरांच्या मुताने दूषित पाण्यात उतरतो, फवारणीही तोच करतो आणि रात्री अंग दुखते म्हणून गोळीही तोच घेतो. एकाच माणसात सगळी कारणे एकवटलेली असताना त्यांतले एक वेगळे काढणे अवघड असते. रक्तातली प्रतिपिंडे संसर्ग होऊन गेल्याचे सांगतात, केव्हा आणि किती वेळा हे सांगत नाहीत. आजच्या पुराव्यावर इतके म्हणता येते : उष्ण प्रदेशातल्या मूत्रपिंडविकाराच्या कारणांमध्ये लेप्टोला जागा द्यावी लागेल, आणि तोच एकमेव सूत्रधार आहे असा दावा करता येणार नाही.

निदानातली अडचण या सगळ्या गोंधळाला खतपाणी घालते. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो, तेव्हा पीसीआर चाचणीने तो सापडू शकतो, पण ती सोय तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसते. आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी पाच-सात दिवसांनंतरच भरवशाची ठरते. प्रमाणभूत मानली जाणारी समूहन चाचणी जिवंत जिवाणूंच्या अनेक उपप्रकारांचा संग्रह बाळगणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांतच होते आणि त्यासाठी काही दिवसांच्या अंतराने दोन नमुने लागतात. दुसरा नमुना द्यायला रुग्ण येत नाही. परिणामी पुष्कळ रुग्णांच्या कागदावर ‘विषाणूजन्य ताप’ एवढेच राहते आणि दहा वर्षांनी मूत्रपिंड आकसलेले सापडते तेव्हा त्या तापाशी सांधा जोडायला कसलाच पुरावा नसतो.

उपचार साधे आणि स्वस्त आहेत, फक्त ते वेळेवर व्हावे लागतात. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन दिले जाते. चाचणीचा निकाल येण्याची वाट न पाहता संशयावरूनच औषध सुरू करावे, हा संकेत योग्य आहे. मूत्रपिंड बंद पडल्यास डायलिसिसला उशीर करू नये याचा ठळक पुरावा साव पावलोतून २००८ मध्ये आला. तीव्र रुग्णांना डायलिसिस उशिरा आणि दिवसाआड दिले गेले तेव्हा सुमारे ६७ टक्के दगावले. ते तातडीने आणि रोज दिले गेले तेव्हा हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर आले. रुग्णांची संख्या लहान होती, तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वेदनाशामकांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण हे टाळता येण्याजोगे नुकसान आहे. लेप्टोमधली अंगदुखी असह्य असते आणि गावात त्यावर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन किंवा दुकानातून आणलेली गोळी हा रुळलेला उपाय आहे. या वर्गातली औषधे मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना मोकळे ठेवणारी रसायने रोखतात. निरोगी, पाणी पुरेसे प्यायलेल्या माणसाला त्याचा उपद्रव जाणवत नाही. तापाने आणि उलट्यांनी सुकलेल्या, नलिकांत दाह सुरू झालेल्या रुग्णाचा मात्र उरलासुरला रक्तपुरवठाही त्याने आटतो. अशा तापात योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेणे त्या मानाने सुरक्षित असते. ही माहिती गावपातळीवरच्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत, औषध विक्रेत्यापर्यंत आणि आशाताईंपर्यंत पोहोचायला हवी.

मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला बिघाड, अशी जागतिक व्याख्या आहे. त्याच धर्तीवर, मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या प्रत्येक रुग्णाची तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांमध्ये २०१२ पासून नमूद आहे. लेप्टोच्या रुग्णाला हे तंतोतंत लागू पडते. रक्तातले क्रिएटिनिन, लघवीतल्या अल्ब्युमिनचे प्रमाण आणि रक्तदाब एवढ्या तीन गोष्टी पुरतात, आणि त्या तालुका पातळीवर होऊ शकतात. यांतले क्रिएटिनिन उशिरा बोलते. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता गेल्याशिवाय ते ठळकपणे वाढत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांवर थांबू नये आणि वय, लिंग लक्षात घेऊन गाळण्याचा दर काढावा. लेप्टोत नलिकांना इजा होत असल्याने लघवीतले अल्ब्युमिन सुरुवातीला फारसे वाढलेले नसेल, हेही ध्यानात ठेवायला हवे. बिघाड लवकर सापडला तर रक्तदाब काबूत ठेवून, मूत्रपिंडाला घातक औषधे टाळून आणि उन्हातल्या कामात पाण्याची व विश्रांतीची सोय करून ऱ्हास बराच लांबवता येतो. तो उशिरा सापडला तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास डायलिसिस आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे हाच मार्ग उरतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने खर्चाचा भार हलका केला आहे. बुडणारी मजुरी आणि प्रवास या योजनांत भरून निघत नाहीत.

प्रतिबंधाचा पाया उंदीर-घुशींचे नियंत्रण, गोठ्याची स्वच्छता, पाण्याचा निचरा आणि पायांचे रक्षण हाच आहे. गमबूट हा पुस्तकी सल्ला चिखलणीत टिकत नाही, पाय चिखलात रुतून बसतो. त्यापेक्षा पायाच्या जखमा आणि चिखल्या झाकणे, काम संपताच स्वच्छ पाण्याने पाय धुणे हे जमण्यासारखे आहे. जोखमीच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या पनामातल्या चाचणीवर आधारलेली आहे. तिथे ९४० अमेरिकन सैनिकांपैकी नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्या गटात २० जणांना आजार झाला, औषध घेणाऱ्या गटात एकालाच. अंदमानात २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्कर्ष थोडा वेगळा निघाला. औषधामुळे आजारी पडणाऱ्यांची संख्या घटली, पण संसर्ग होण्याचे प्रमाण फारसे घटले नाही. मूत्रपिंडाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. लक्षणे न दाखवता झालेला संसर्गही नलिकांपर्यंत पोहोचत असेल, तर तापाचे रुग्ण कमी झाले एवढ्यावरून मूत्रपिंडे वाचली असे म्हणता येत नाही. लसींचीही स्थिती साधारण अशीच आहे. क्यूबा, चीन, फ्रान्स अशा काही देशांत मृत जिवाणूंपासून केलेल्या लसी माणसांना दिल्या गेल्या आहेत, परंतु रोगकारक उपप्रकारांची संख्या शेकड्यांत असल्याने एका प्रदेशातली लस दुसऱ्या प्रदेशातल्या उपप्रकाराला पुरी पडत नाही, आणि प्राण्यांतल्या अनुभवानुसार आजार रोखणारी प्रत्येक लस मूत्रपिंडातली वस्ती रोखतेच असे नाही.